मैयानं दिलेला शब्द

बाबा परिक्रमेला निघाले तेव्हा आईपेक्षा मीच जास्त घाबरले होते. आदल्याच वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. दवाखान्याच्या खाटेवरच त्यांनी मनाशी ठरवलं होतं की यातून उठलो तर मैयाची परिक्रमा करीन, आणि तीही पायी. आम्हा जबलपूरच्या लोकांना नर्मदा म्हणजे मैया. तिला उजव्या हाताला ठेवून उगमापर्यंत जायचं, तिथून दुसऱ्या काठानं थेट समुद्रापर्यंत, मग पुन्हा या काठानं घरी. मध्ये कुठंही तिला ओलांडायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, चालणं चांगलंच आहे, पण इतकं कोणी सांगितलं? बाबा नुसते हसले. रेल्वेच्या स्टोअरमधून रिटायर झालेला, आयुष्यभर वेळेवर घरी आलेला माणूस एकदम असा हट्ट धरेल असं मला वाटलं नव्हतं.

मी एकुलती एक. लग्न केलेलं नाही, इथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि आईबाबांजवळ राहते. त्यामुळे त्यांना अडवायचं काम माझंच होतं, आणि ते मला जमलं नाही.

कार्तिकातल्या एकादशीनंतर ग्वारीघाटावर त्यांनी संकल्प सोडला. पांढरा कुर्ता, पांढरं धोतर, हातात दंड, कमंडलूत मैयाचं पाणी. घाटावरच्या पंडितजींनी त्यांना टिळा लावला आणि आईकडे वळून म्हणाले, “माताजी, चिंता मत करना। मैया ने वचन दिया है। परिक्रमा वाले को अपनी गोद में बिठाकर घर पहुँचाती है।”

आईनं पदर पुढं करून ते बोलणं अक्षरशः ओटीत घेतलं. परत येताना ऑटोत ती एकदाही रडली नाही. मी रडले. ती म्हणाली, “काहून रडून राहिली? ऐकलं ना तू? शब्द दिलाय तिनं.”

संक्रांतीच्या सुमारास बाबा उगमाला वळसा घालून पलीकडच्या काठानं आमच्या समोरून जाणार होते. त्यांना मैया ओलांडता येत नव्हती, आम्हाला येत होती. आई आणि मी नावेत बसून पलीकडे गेलो. बाबा एका झाडाखाली वाट पाहत बसले होते. रापलेले, हडकलेले, आणि इतके खूश की मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. आईनं त्यांना तिळगूळ दिला. मी पुढच्या मुक्कामांना पुरतील एवढ्या गोळ्यांच्या पट्ट्या दिल्या आणि त्या कशा घ्यायच्या ते पुन्हा पुन्हा सांगितलं. पाण्यापलीकडे आमचा घाट दिसत होता, घाटावरचे लोक दिसत होते. बाबा तिकडे बघत म्हणाले, “इतकं जवळ आहे घर. पण आता लांबूनच यावं लागेल.”

त्यानंतर त्यांचा फोन एक-दोन दिवसाआड यायचा. कोणत्या गावी आहेत, कोणी जेवू घातलं, पाय कसे आहेत. होळीच्या आसपास एक फोन आला. म्हणाले, “उद्यापासून शूलपाणीची झाडी सुरू होईल. डोंगर आहेत, फोन लागणार नाही. आठ-दहा दिवस काळजी करू नका.”

आठ-दहा दिवस आम्ही काळजी केली नाही. म्हणजे आईनं केली नाही. मी रोज फोन लावून बघत होते आणि फोनमधली बाई रोज तेच सांगत होती की हा नंबर पोहोच के बाहर आहे.

मग ते दिवस उलटले, आणखी उलटले, गुढीपाडवा आला. बाबांशिवायची गुढी मीच उभारली. आता झाडी संपायला हवी होती. मी झाडीपलीकडच्या आश्रमांचे नंबर शोधले. तिथले लोक प्रेमानं बोलायचे, नोंद बघायचे आणि म्हणायचे, नहीं दीदी, इस नाम के कोई बाबाजी नहीं आए. परिक्रमावाल्यांच्या ग्रुपांवर मी बाबांचा फोटो टाकला. पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब म्हणाले, “उधर जंगल है, मैडम। आ जाएँगे।” पण त्यांनी फोटो आणि वर्णन ठेवून घेतलं आणि तिकडच्या ठाण्यांना पाठवलं.

भीती कशी असते हे मला त्या दिवसांत कळलं. ती सारखी रडवत नाही. ती तुम्हाला कामाला लावते. मी वर्गात शिकवत असायचे आणि टेबलावरचा फोन थरथरला की हातातला खडू थांबायचा. अनोळखी नंबर दिसला की उचलावासा वाटायचा आणि उचलायची हिंमतही व्हायची नाही. मी मनातल्या मनात सारखी गोळ्यांकडे यायचे. पट्ट्या आता संपल्या असणार. रक्त पातळ ठेवायची गोळी बंद झाली की काय होतं ते मला चांगलं माहीत होतं, आणि ते माहीत नसतं तर बरं झालं असतं असं वाटायचं.

आई मात्र रोज संध्याकाळी घाटावर जायची, पाण्यात दिवा सोडायची आणि घरी येऊन शांतपणे पोळ्या लाटायची. एकदा मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, “तुला भीतीच वाटत नाही का?”

ती पोळी उलटून म्हणाली, “वाटते ना. पण तिनं शब्द दिल्यावर आपण भ्यायचं म्हणजे तिला खोटं पाडणं झालं.”

“शब्द पंडितजींनी दिलाय, आई.”

“त्यांच्या तोंडून दिलाय.”

तिच्यापाशी निदान एक शब्द होता. माझ्यापाशी तोही नव्हता.

एक दिवस दुपारी फोन आला. मी घरीच होते. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या एका जिल्ह्याच्या गावच्या सरकारी दवाखान्यातून एक माणूस बोलत होता. पाण्यात एक वयस्कर परिक्रमावासी सापडले आहेत, पांढरे कपडे, पांढरी दाढी, उंच. तुम्ही पाठवलेल्या वर्णनाशी जुळतं. मी फोटो मागितला. तो म्हणाला, “दीदी, फोटो से नहीं होगा। चेहरा पहचान में नहीं आ रहा। आपको आना पड़ेगा।”

आई दारात उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही. ती आत गेली आणि पिशवी भरू लागली. मी बघितलं तर ती बाबांचा धुतलेला कुर्ता आणि धोतर घालत होती पिशवीत.

“हे काहून घेते?” मी विचारलं.

“ओले असतील ना ते,” ती म्हणाली.

आम्ही दोघीच निघालो. आधी रेल्वे, मग बस. रस्त्यात आई खिडकीबाहेर बघत होती. मध्ये मध्ये बस पुलावरून जायची आणि खाली मैया दिसायची. आई दर वेळी हात जोडायची. मला त्या पाण्याकडे बघवत नव्हतं. मी फक्त एकच गोष्ट मनात घट्ट धरून बसले होते. तरुणपणी स्टोअरमध्ये बाबांच्या डाव्या पायावर लोखंडी पट्टी पडली होती. त्या पायाच्या अंगठ्याला तेव्हापासून नख नाही. चेहरा नाही तर नाही, अंगठा तर असेल. मी पायच बघीन. वर बघायचंच नाही.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला शवागार होतं. समोर कडुनिंब, त्याच्याखाली सिमेंटचा बाक. आईला मी बाकावर बसवलं. तिनं पिशवी मांडीवर घेतली. मी आत गेले. तिथल्या कर्मचाऱ्याला मी आधीच सांगितलं की मला फक्त पाय दाखवा. त्यानं काही विचारलं नाही. चादर पायथ्याकडून वर केली.

दोन्ही अंगठ्यांना नखं होती. मी पुन्हा बघितलं. डावा पाय, उजवा पाय. नखं होती, टाचांना खोल भेगा होत्या, आणि घोट्याजवळ काळा दोरा बांधलेला होता. बाबांनी कधी दोरा बांधला नव्हता.

मी भिंतीला धरलं. मला जे वाटलं तो आनंद होता, दुसरं काही नाही. त्या माणसाच्या पायांशी उभी राहून मला आनंद झाला.

बाहेर आले तेव्हा आई उठून उभी राहिली. मी म्हटलं, “हे बाबा नाहीत, आई. हे बाबा नाहीत.”

तिनं डोळे मिटले, हात जोडले, आणि पुन्हा बाकावर बसली. मला वाटलं देवाचे आभार मानून राहिली असेल. मग तिनं डोळे उघडून विचारलं, “मग हे कोणाचे?”

कर्मचारी दारात उभा होता. तो म्हणाला की अजून कळलं नाही. झोळीत काही ओळख सापडली नाही. जिथं सापडले तिथल्या घाटावरचा एक जण सांगत होता की ते मराठी बोलायचे. कोणी आलं नाही तर पोलीसच अंत्यसंस्कार करतील.

आईनं मांडीवरची पिशवी उघडली. कुर्ता आणि धोतर बाहेर काढून त्याच्या हातात दिलं. “भैया, इनको ये पहना देना। धुला हुआ है।” मग आपला फोन नंबर त्याला लिहून घ्यायला लावला. “कोई इनके घर से आए तो बोलना, दो औरतें आई थीं। इनके लिए हाथ जोड़के गई हैं।”

परतीच्या बसमध्ये मला गाढ झोप लागली, कित्येक आठवड्यांनी. जाग आली तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, “त्यांची बायकोही कुठं तरी घाटावर दिवा सोडून राहिली असेल.”

“असेल.”

“तिलाही शब्द दिला असेल.”

बस पुलावर आली. या वेळी आईनं हात जोडले नाहीत.

घरी आल्यावर आई बदलली. ते बाबा नव्हते हे कळल्यावर तिला धीर यायला हवा होता, पण झालं उलटंच. ती रात्री उठून बसू लागली, जेवण टाकू लागली, दारावर कोणी थाप मारली की दचकू लागली. घाटावर जाणं तिनं बंद केलं. एकदाच गेली, मला सोबत घेऊन, ती पंडितजींना भेटायला. ते छत्रीखाली पाटावर बसून गंध उगाळत होते.

आईनं विचारलं, “पंडितजी, वो वचन वाली बात आप सबको बोलते हैं?”

“हाँ माताजी, सबको।”

“जो नहीं लौटे, उनके घरवालों को भी बोला था?”

त्यांचा हात थांबला. मला वाटलं आता ते कर्म, प्रारब्ध असं काही सांगतील. त्यांनी तसं काही सांगितलं नाही. ते म्हणाले, “बोला था। मैं कौन होता हूँ जानने वाला कि कौन लौटेगा। हर बार बोलता हूँ, और हर बार मन में डर लगता है। फिर भी बोलता हूँ, क्योंकि बिना सुने कोई घर का आदमी उन्हें जाने नहीं देता।” ते पुढं म्हणाले, “गोद में तो वो भी होंगे, माताजी। बस इस वाले घर नहीं आए।”

आई उठली. घाटाच्या पायऱ्या चढताना तिनं माझा हात धरला होता. घरी येऊन म्हणाली, “मला वाटलं होतं शब्द म्हणजे हे परत येतील. शब्द तो नव्हताच का मग? मी भलतंच ऐकलं का?”

आता तिला काही तरी सांगायची पाळी माझी होती. मी फक्त म्हटलं, “तू घरी थांब. दिवा मी सोडून येते.”

ते मी विश्वासानं केलं असं म्हणता येणार नाही. घरात कोणी तरी ते करायला हवं होतं, आणि ती करू शकत नव्हती. मी कॉलेजातून परस्पर घाटावर जायचे, पानाचा द्रोण घ्यायचे, वात पेटवायचे. पहिल्यांदा काय म्हणायचं ते कळेना. मी मनात म्हटलं, तू शब्द दिलायस की नाही मला ठाऊक नाही. दिला असशील तर कशाचा दिलायस तेही ठाऊक नाही. मी खूप घाबरले आहे. एवढंच. द्रोण दोन हात पुढं गेला आणि एका नावेला अडकून राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. रोज तेच म्हणायचे, भीती काही कमी झाली नाही. पण ती कोणाला तरी सांगितली जात होती. घरी मी ती आईला सांगू शकत नव्हते.

वैशाखातल्या एका सकाळी फाटक वाजलं. मी चहा गाळत होते. आईनं दार उघडलं आणि तिथंच थिजली. बाहेर पांढऱ्या कपड्यातला एक माणूस उभा होता, हातात दंड, गुडघ्याला पट्टा. निरोप घेऊन आलेला परिक्रमावासी. आईनं चौकट धरली. ती त्याला आत या म्हणेना.

तो माणूस घाईनं म्हणाला, “माताजी, बाबाजी ठीक हैं। पहले यही सुन लीजिए।”

तो जबलपूरजवळच्या सिहोऱ्याचा होता. गुडघा सुजल्यामुळं परिक्रमा अर्धी सोडून घरी परतला होता आणि घरी पिशवी ठेवून सकाळच्या बसनं सरळ आमच्याकडे आला होता. त्यानं सांगितलं की झाडीत एका नाल्यातून जाताना बाबांचा फोन पाण्यात गेला. पुढं त्यांना ताप भरला, मलेरिया. डोंगरातल्या एका वस्तीतल्या नवराबायकोनं त्यांना आपल्या झोपडीत ठेवून घेतलं. तिथली नर्सदीदी गोळ्या देते, हृदयाच्याही तिनंच मागवून दिल्या. आता ताप उतरला आहे, पण चालवत नाही. आणि नंबर? नंबर त्यांना एकच पाठ होता, आमच्या जुन्या लँडलाइनचा. तो आम्ही केव्हाच काढून टाकला होता. कोणी डोंगर उतरून सिग्नलपाशी गेलं की बाबा त्याला तोच नंबर द्यायचे, आणि तो कधी लागायचा नाही.

आईनं सगळं ऐकलं. पण तिचा चेहरा उघडला नाही. एकदा फसलेल्या माणसासारखी ती त्याच्याकडे बघत होती. “तेच कशावरून?” ती मला मराठीत म्हणाली. “दुसरंच कोणी असेल.”

त्या माणसाला मराठी थोडं कळत असावं. तो म्हणाला, “एक बात और बोली थी उन्होंने। बोले, घर में बोलना, कढ़ीपत्ते में रोज पानी मत डाले। सड़ जाएगा।”

आई मटकन खाली बसली. कढीपत्त्याच्या कुंडीवरून त्या दोघांचं लग्न झाल्यापासून भांडण होतं. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. मी त्या माणसाला खुर्ची दिली. तो आमच्याकडे जेवून दुपारच्या बसनं परत गेला.

मी बाबांना आणायला जाणार होते. त्या माणसानं दिलेल्या नंबरवर नर्सदीदी सापडली, आणि काही दिवसांनी तिच्या फोनवरून बाबांनी सांगितलं की मला न्यायला येऊ नका, मी चालतच येईन, हळूहळू येईन. मी चिडले. आई म्हणाली, “येऊ दे त्यांना.” पण तिचा आवाज पूर्वीसारखा नव्हता. फोन झाल्यावर ती मला म्हणाली, “मी हो म्हटलं, पण मला फार भीती वाटून राहिली.” असं ती मला पहिल्यांदाच बोलली. त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून घाटावर जायला लागलो.

पावसाळ्याचे चार महिने वाटेतल्या एका आश्रमात काढून बाबा पुढच्या माघात आले. घाटावर मी त्यांना आधी ओळखलंच नाही, इतके ते वाळले होते. पंडितजींनी संकल्प सोडवला. आईनं शिऱ्याची कढई केली, आधी मैयाला नैवेद्य म्हणून दाखवली, मग घाटावरच्या मुलींना वाटली.

घरी आल्यावर, जेवणं झाल्यावर, आईनं त्यांना त्या दुसऱ्या माणसाबद्दल सांगितलं. कुर्ता आणि धोतर दिल्याचंही सांगितलं. बाबांनी विचारलं, “उंच होते?” मी हो म्हटलं. “घोट्याला काळा दोरा?” मी पुन्हा हो म्हटलं.

बाबा म्हणाले की झाडीच्या आधी काही दिवस एक विदर्भातले गृहस्थ त्यांच्यासोबत चालत होते. कमी बोलायचे. घर कुठं ते सांगायचे नाहीत. पण काळे दोरे पुष्कळ जण बांधतात, उंचही पुष्कळ असतात. ते तेच होते की नाही, देव जाणे. पुढं त्यांनी स्वतःचं सांगितलं. तापात त्यांना वाटलं होतं की मैयानं आपल्याला टाकलं. ते तिला मोठमोठ्यानं शिव्या देत होते असं त्या वस्तीतल्या बाईनं त्यांना नंतर सांगितलं. “मी शिव्या दिल्या आणि मी परत आलो,” ते म्हणाले. “त्यांनी बहुतेक दिल्याही नसतील.”

आई म्हणाली, “मला आता कळत नाही काही. ती हात सोडत नाही एवढंच मी धरून ठेवते. घरी आणते की नाही ते मी विचारत नाही.”

“भीती गेली?” मी विचारलं.

“नाही गेली.”

त्या गोष्टीला आता काही महिने झाले. त्या दवाखान्यातून आईला कधी फोन आला नाही. ती मधून मधून स्वतःच तिकडे फोन करून विचारते. बाबांना त्या वस्तीतल्या नवराबायकोला भेटायचं आहे, आणि या वेळी आई त्यांच्यासोबत जाणार म्हणते. दिवाळी झाली की निघायचं, बसनं जायचं, आणि शेवटचा डोंगर तेवढा पायी चढायचा. मी म्हटलं, तुझे गुडघे, त्यांचं हृदय, तिथं फोन लागत नाही. ती बाबांच्या गोळ्या डब्यात भरत होती.

“हो,” ती म्हणाली. “आता वाट पाहायची पाळी तुझी.”